तुटका सुळा आणि वाकडे बीळ

बालमित्रांनो, पृथ्वीवर हत्ती-घोडे तर सोडाच, गवताची काडीही उगवली नव्हती, तेव्हा एका नदीकाठी दुसुळ्या जातीचा एक प्राणी राहत असे. अंगाने मांजराएवढा, तोंडाला कासवासारखी चोच आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना एकेक सुळा. नेच्यांची पाने खावीत, कंदमुळे उकरावीत आणि उन्हे चढली की बिळात जाऊन पडावे, असा त्याचा सुखाचा दिनक्रम होता.

एकदा कंद उकरताना दगडावर आपटून त्याचा डावा सुळा मुळापासून मोडला. त्यातच नदीला पूर आला आणि बीळ गाळाने भरून गेले. दोन दिवस तो हिरमुसून उपाशीच बसला. तिसऱ्या दिवशी ऊन सोसवेना, तेव्हा उठला आणि काठावर उंच जागा पाहून उजव्या सुळ्याने खणू लागला. माती एकाच बाजूने निघत असल्यामुळे बीळ सारखे उजवीकडे वळू लागले आणि शंखासारखे गोल फिरत खाली उतरले. शेजारचा दुसुळ्या ते पाहून पोट धरून हसला. आपले सरळसोट बीळ त्याने मुद्दाम चार जणांना नेऊन दाखवले. दुसुळ्याला वाईट वाटले. पण आत छान गारवा होता, पाय पसरायला जागा होती. तो स्वस्थ झोपला.

पुढे एका दुपारी मोठ्या दातांचा एक शिकारी प्राणी काठावर आला. शेजारी आपल्या बिळात पळाला, तर शिकाऱ्याचा पंजा सरळ त्याच्या शेपटीपर्यंत पोहोचला. शेजाऱ्याने कसेबसे छत फोडले आणि धावत वाकड्या बिळाचे तोंड गाठले.

"मला आत घेशील का?" त्याने विचारले.

"ये. वळणावर डोके सांभाळ," दुसुळ्या म्हणाला.

शिकाऱ्याने मागोमाग पंजा घातला, पण तो पहिल्याच वळणावर अडला. बराच वेळ खटपट करून शिकारी कंटाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारी तसेच बीळ खणायला लागला, पण दोन धडधाकट सुळ्यांनी ते काही वळेना. अखेर खाली मान घालून तो शिकवायची विनंती करू लागला.

"डाव्या सुळ्याला आराम दे," दुसुळ्या म्हणाला, "मलाही तो मोडल्यावरच हे जमले."

मग दोघे मिळून खणत राहिले.

तात्पर्य : जे गेले त्यासाठी झुरत बसू नये. जे उरले आहे ते घेऊन कामाला लागावे. काम वेगळे होईल, पण उपयोगी पडेल.