तेब्रो आजीची चोंगुरी

फार वर्षं झाली, इतकी की मोजायला बसाल तर जेवण राहील. जॉर्जिया देशात, काळ्या समुद्राकडच्या डोंगरात एक गाव होतं. तिथे घरोघरी चोंगुरी असायची. लांब मानेचं, बोटांनी छेडायचं वाद्य. तीन तारा लांब, चौथी आखूड. तेब्रो आजीची ती चौथी तार जन्मात कधी सुरात लागली नाही, असं म्हणतात. आजीला मात्र वाटायचं, आपल्यासारखं वाजवणारं पंचक्रोशीत कुणी नाही. हसू नका, तुमच्याही घरात असेल असं कुणीतरी.

त्या गावात लेकराला गोवर निघाला की म्हणत, न दिसणारे पाहुणे आलेत. त्यांच्यासाठी फुलं ठेवायची, गोड वाजवायचं, मग ते खूश होऊन ताप घेऊन निघून जातात. आजीला या कामाला कधीच कुणी बोलावलं नाही, आणि ते तिच्या मनाला फार लागायचं.

एकदा दारिकोच्या लेकीला, छोट्या त्सीराला गोवर निघाला. गावातली सगळ्यात गुणी वादक माक्वाला येऊन बसली. तिने असं काही वाजवलं की पाहुणे रमलेच. तीन दिवस झाले, सहा झाले, नऊ झाले, पण ते हलायचं नाव घेईनात. पोर तापाने सुकत चालली. माक्वालाने सुजलेली बोटं पाण्यात बुडवली आणि ती म्हणाली, यांना माझं वाजवणं फार आवडलंय, हीच पंचाईत आहे.

हे ऐकलं मात्र, दारिको तडक आजीच्या घरी धावली.

"मला ठाऊक होतं, कधीतरी माझी आठवण होणार," आजी म्हणाली आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपून निघाली.

पहिल्या गाण्याला फुलदाणी थरथरली. दुसऱ्याला कोंबड्या अंगण सोडून गेल्या. तिसरं सुरू झालं नि दार आपोआप उघडलं, उंबऱ्यात एकच रेटारेटी झाली, आणि घाईत एका पाहुण्याचा बोटभर लाल बूट मागे राहिला, असं म्हणतात. त्सीरा उठून बसली आणि तिने मक्याची भाकरी मागितली.

"आवडलं का गं त्यांना?" आजीने विचारलं.

दारिकोला रडू फुटलं. तिने आजीचे दोन्ही हात कपाळाला लावले. "इतकं आवडलं, आजी, की त्यांना बसवेना."

आजी उरलेलं आयुष्य त्या एका वाक्यावर सुखाने जगली.

आजही त्या गावात प्रत्येक घरात भिंतीवर एक चोंगुरी चौथी तार सैल सोडून टांगलेली असते. जेवणं उरकून दोन तास झाले तरी पाहुणे उठेनात, की घरधनी ती खाली काढतो आणि पाहुणे आपापले बूट शोधू लागतात. पण एक नियम आहे, तो कुणी मोडत नाही. दाराबाहेर पडताना प्रत्येकाने मागे वळून म्हणायचं, "वा, तेब्रो आजी!"