शेवंतगडचा अपुरा नगारा

"त्या बाईनं म्हणे स्वतःच्या हातानं पोटच्या लेकीला..." एवढं बोलून वाटाड्या पाहुण्यांचा घोळका घेऊन राजवाड्याकडे वळला, आणि वाक्य वेशीतच राहिलं. शेवंतगडची जुनी राजधानी बघायला येणारे असंच अर्धवट ऐकून जातात. नगारखान्यासमोर राहणाऱ्या आम्हाला मग कुणी न विचारताही पुढचं सांगावंसं वाटतं.

पूर्वी इथे नियम होता, असे सांगतात. दिवस मावळताना नगारा वाजायचा आणि शेवटचा ठोका पडला की वेस बंद. नगारा वाजतोय तोवर दरवाजाला खुद्द राजानेही हात लावायचा नाही. एके दिवशी नगारा वाजवणारा कोंडाजी घडशी तापानं फणफणला होता, म्हणून त्याची बायको म्हाळसा नगाऱ्याच्या टिपऱ्या घेऊन वर नगारखान्यात बसली. तेवढ्यात नदीपलीकडे लुटारूंच्या घोड्यांची धूळ उठली. गावच्या बाया पाण्यावर गेलेल्या. त्यांत तिची बाळंतपणाला आलेली भागूही होती, दिवस भरलेली.

म्हाळसा थांबेचना. एकेक बाई धापा टाकत आत शिरत होती. तळहात सोलले, टिपऱ्या रक्तानं निसटू लागल्या, तरी हात चालूच.

"म्हाळसे, पुरे कर गं!" खालून हवालदार ओरडला.

"माझी यायचीय, दादा!"

"घोडी पाण्यात उतरली!"

"जड पावलाची आहे हो ती. जरा थांबा, पाया पडते!"

"आणि आतल्या लेकरांचं काय करू? सांग ना, काय करू?"

तिनं वाटेकडे पाहिलं. भागू कुठेच दिसेना. घोडी अलीकडच्या काठाला लागली होती. म्हाळसानं म्हणे डोळे मिटले आणि शेवटचा ठोका दिला. वेस लागली.

बंद दरवाजा पाहून लुटारू तटाबाहेरची घरं लुटून गेले. सकाळी वेस उघडली, तर उंबऱ्याशी चुंबळीवर नीट ठेवलेली भरली घागर. थेंब सांडलेला नव्हता. आडवाटेनं भागू माहेरच्या दारापर्यंत पोचली होती. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

आजही संध्याकाळी नगारा वाजतो, पण शेवटचा ठोका कुणी देत नाही. टिपऱ्या खाली ठेवतात, माहेरी आलेली एखादी लेक वेशीतून आत येते, मगच गावात दिवे लागतात.

पाहुणे विचारतात, "मारलं का हो तिनं लेकीला?"

मारलं नाही. पण शेवटचा ठोका दिला तो स्वतःच्या हातानं, एवढं मात्र खरं.