कुलपातलं गाणं

माणसांनी जंगलात वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. धनेशाची बायको अंडी उबवायला ढोलीत बसली आणि रीतीप्रमाणे तिने दार चिखलाने लिंपून घेतलं. चोचीपुरती फट उरली.

"अहो, फळं पुरे झाली," ती आतून म्हणाली. "अंधारात करमत नाही. कोकिळाचं गाणं आणा."

साळुंकी गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत गाणी भरून विकायची. "साध्या शंखात नुसते सूर. मधल्यात पानांची सळसळही येते. मोठ्यात तर कोकिळाचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

धनेशाला फरक कळला नाही, पण तसं म्हणायची लाज वाटली. दहा उंबरं देऊन त्याने मोठा शंख घेतला.

फटीशी धरताच शंख गप्प झाला. बायको म्हणाली, "श्वास येतोय, पण तो तुमचाच."

धनेश परत गेला.

"त्याला कुलूप आहे, भाऊ," साळुंकी म्हणाली. "घेणाऱ्याच्याच कानात वाजतं."

"पण मी तिच्यासाठी घेतलं."

"मग तिनेच यायला हवं होतं. कुलूप नसलं तर कोणीही नक्कल करील. बिचाऱ्या कोकिळाचं काय?" हे ती हुबेहूब कोकिळाच्या आवाजात म्हणाली.

ढोलीशी परतून धनेशाने शंख स्वतःच्या कानाला लावला आणि ऐकत ऐकत फटीशी भसाड्या आवाजात गाऊ लागला. बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणा."

खालच्या फांदीवर साळुंकी कान देऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात चौथा शंख आला. धनेशाच्या आवाजातला, कुलपासकट.