परसातली काळी माती

फार जुनी गोष्ट. तेव्हा कुणाचं राज्य होतं, हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथल्या काळ्या लुगड्यांना दूरच्या बाजारात मान होता. काळ्या रंगाला हिराकस हा लोखंडाचा खार लागे. त्याचा उरलेला गाळ घरोघरी परसात ओतत, आणि घरात लग्न ठरलं की त्यावर तांबडी माती पसरून मोकळे होत.

गावाची एक रीत होती. नव्या सुनेनं परसात दोडक्याचं बी लावायचं. वेल मांडवावर चढला तर सून घराला धार्जिणी. सुकला तर तिची रवानगी माहेरी.

अशीच एक सून त्या गावात आली. बोलायची कमी, बघायची फार. तिचा वेल वीतभर वाढला आणि पिवळा पडला.

शेजारच्या काकूंनी मागल्याच वर्षी स्वतःची सून माहेरी धाडली होती. त्या कुंपणावरून म्हणाल्या, “काय गं, पाणी घालतेस की नुसती नजर लावतेस?”

घरात येता-जाता सगळे तिच्या पावलांकडे बघत. सासू तर दिवसातून तीनदा परसात जाई आणि सून दिसली की पदर झटकत परते. सुनेच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई मुळाशी भलतंच काही ओतत तर नाही? तिनं पाळत ठेवली. सासू मुळाशी पाणीच ओतत होती, तेही पिण्याच्या माठातलं.

मग सुनेनं खुरपं घेतलं. वर चार बोटं तांबडी माती. खाली काळी, चिकट, आंबूस वासाची. तिच्याखाली पुन्हा तांबडी पट्टी, पुन्हा काळी.

“काय शोधतेस?” मागे सासू उभी होती.

“माझा पायगुण शोधतेय, सासूबाई. इथं तर तुमच्या लग्नातली मातीही दिसतेय. तुमचा वेल कसा जगला?”

सासू हळूच खाली बसली. “नव्हता जगला. आईनं पाटीत वाढवलेला वेल धाडला, तो गुपचूप पुरला. तेव्हापासून वाटतं, मीच अपशकुनी. आता माझं पाप तुला भोवतंय.”

“आणि काकूंचा?”

“तिला काय कमी? तिचा तर दोन दिवसांत मांडवावर चढला होता.”

बोलता बोलता सासू थांबली. “दोन दिवसांत तर बी उगवतही नाही,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाटावर कपडे धुताना सासूनं सगळ्यांदेखत आपली चोरी सांगितली. बायकांचे हात थांबले. मग एक म्हातारी पुटपुटली, “माझा मामानं आणला होता.” मग दुसरी बोलली, मग तिसरी. काकूंनी लुगडं पिळून पिळून कोरडं केलं आणि म्हणाल्या, “माझा पाटीसकटच पुरला होता.”

त्या वर्षी गावानं एकेक परस करून काळी माती उपसायला घेतली आणि ती दूर खडकात, चिकणमातीनं लिंपलेल्या खड्ड्यात नेऊन टाकली. गाळही तिथंच जाऊ लागला. वेलाची रीत मोडली आणि सून घरात राहिली.

काकू आपल्या सुनेला आणायला गेल्या, तर ती दारातूनच म्हणाली, “परस खोदून झालं की सांगा. मी आधी येऊन बघेन, मग राहायचं ठरवेन.”

त्याच दिवशी साठीच्या काकूंनी पदर खोचून खोदायला घेतलं.

तात्पर्य : घाण नुसती झाकली, की तिचा दोष निर्दोष माणसाच्या माथी येतो.