पाटलाच्या ओट्याचे दगड

फार फार जुनी गोष्ट. जनावरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, तेव्हाची. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण यात चूक थोरांचीच आहे.

एका डोंगराळ मुलखात रावजी नावाचा विहिरी खणणारा राहायचा. बायको हौसा, दोन धाकटे भाऊ, चार पहारी, कुदळी आणि दोन गाढवं, एवढाच त्याचा पसारा. कातळ फोडायचा आणि पाणी काढायचं, हे त्यांचं पिढ्यांचं काम. पण होता होता तिथं वाडीवाडीला विहीर झाली आणि नव्या कामाचं बोलावणं येईना.

शेवटी हौसाच म्हणाली, "हात शाबूत आहेत ना? मग मुलूख बदलू."

आठ दिवस चालून ती नदीकाठच्या काळ्या मातीच्या मुलखात आली. तिथल्या एका गावाला विहीरच नव्हती. बाया कोसभर जाऊन गढूळ पाणी आणायच्या. पाटलानं काम दिलं. माती इतकी मऊ, की चार दिवसांत विहीर दोन माणसं खोल गेली. रावजी तर हरखून गेला. "हौसा, महिन्याचं काम आठवड्यात! उगाच त्या कातळाला चिकटून बसलो गं."

दुपारी हौसा काठावर भाकरी खात होती. तेवढ्यात शेजारच्या बिळातून एक थोराड घूस बाहेर आली.

"बाई, तुमचा-माझा धंदा एकच, म्हणून सांगते," घूस म्हणाली. "या मातीत सरळ खाली जाऊ नका. माझी सख्खी मावशी तशीच गेली. इथं खणावं थोडं आणि सावरावं जास्त."

हौसानं तिला भाकरीचा तुकडा दिला आणि नवऱ्याला हाक मारून तिचं बोलणं सांगितलं. ते ऐकून दोघं भाऊ पोट धरून हसले. रावजीही म्हणाला, "तीस वर्षं विहिरी खणतोय. कधी आतून बांधकाम केलं नाही. कातळ आपला आपण उभा राहतो. आता घुशीकडून शिकू होय?"

हौसानं त्याचा हात धरला आणि विहिरीच्या कडेवर टेकवला. तिथं बोट जाईल एवढी भेग होती. सकाळी ती नव्हती.

रावजीचं तोंड उतरलं. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "कातळातलं शहाणपण मातीत घेऊन आलो."

दोघं तडक पाटलाकडे गेली. पाटलाच्या दारात घडीव दगडांचा ओटा बांधून होत आला होता. गावानं लांबच्या खाणीतून ते दगड वाहून आणले होते. कशासाठी? तर पाटलाला संध्याकाळी ऐसपैस बसता यावं म्हणून!

"पाटील, दगड द्या," रावजी म्हणाला. "आतून बांधून घेतो, मगच पुढं खणतो."

"माझ्या ओट्याचे?" पाटील उसळला. "तुमच्याकडच्या विहिरी बिनबांधणीच्या चालतात, आणि इथंच बरे दगड आठवतात! याला आळस म्हणतात. गुमान खाली उतरा, नाहीतर गाव सोडा!"

आता काय म्हणावं या माणसाला! जन्मात कधी कुदळ धरली नाही, आणि खणणाऱ्याला आळशी म्हणतो! खाली माणसं मरतील, आणि याला बसायच्या जागेची पडलीय!

हौसा माघारी आली ती थेट विहिरीपाशी, आणि मागोमाग पाटीलही तणतणत आला. तिनं दोर वर ओढून घेतला. "माझी माणसं उतरणार नाहीत," ती ओरडली. "तुमच्या ओट्यापेक्षा त्यांचा जीव हलका आहे का?"

सारा गाव जमला. सगळ्यांना हौसाचं पटत होतं, पण एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.

"भित्रट मेले!" पाटील गरजला. "आण तो दोर. मीच उतरून दाखवतो."

नको नको म्हणताना तो खाली उतरला. तळाशी पाय आपटून म्हणाला, "बघा! कुठं पडतेय माती?" आणि हातातली काठी त्यानं कडेवर हाणली.

एक अख्खी बाजू खाली आली. पाटील छातीपर्यंत गाडला गेला.

"बरं झालं मेल्याला!" हौसा म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता तिनं दोराचं वरचं टोक स्वतःच्या कमरेला आवळून पाय रोवले. रावजी उतरायला निघाला आणि थबकला. समोरची बाजूही सुटायला आली होती.

"पाटील, आधी टेकू द्यावा लागेल. दगड पाहिजेत!"

"आणा की!"

"तुमच्या ओट्याचेच आहेत."

"ओटा गेला खड्ड्यात! आणा म्हणतो ना!"

गाव धावला. बघता बघता ओटा उखडला गेला. दगड खाली सोडून रावजीनं कड सावरली, आणि पाटलानं आळशी म्हटलेल्या हातांनीच पाटलाला उकरून काढलं.

उरलेल्या दगडांनी विहीर बांधली गेली, आणखी खणली गेली, आणि पाणी लागलं. पाटलाचा ओटा काही पुन्हा झाला नाही. रावजी-हौसा त्याच मुलखात राहिली. तेव्हापासून तिथं चाल पडली, की विहिरीत उतरा म्हणणाऱ्यानं आधी स्वतः तळाशी उतरून यायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

तात्पर्य: ज्याला खाली उतरायचं असतं, त्याच्या भीतीला काठावर उभं राहणाऱ्यानं आळस म्हणू नये.