गुडघाभर पाणी

शहरात नळ नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. डोंगराखालचं एक छोटं तळं शहरातल्या एका पेठेला प्यायचं पाणी पुरवायचं. राखणदार हैबती रोज काठावरची मोजपट्टी बघायचा, "भरलंय" म्हणायचा आणि निघून जायचा.

पण तळ्याच्या पोटात पाण्यापेक्षा गाळच जास्त होता. त्याला सारखा घोर लागलेला. ते पट्टीला म्हणालं, "ताई, खरं सांग की हैबतीला. वैशाखात पेठेतली लेकरं तहानेनं रडतील."

"मी वरचं मोजते, खालचं मला काय ठाऊक," पट्टी म्हणाली. "आणि पोटातला चिखल चारचौघांत कशाला दाखवतंस?"

तळ्याला लाज वाटली, पण लेकरांची काळजी त्याहून मोठी होती. त्यानं काठावरच्या म्हशीला हाक मारली. "बाई, हैबतीच्या देखत माझ्या मधोमध येऊन उभी राहा."

"तो मला पाण्यात शिरू देत नाही. काठी खाऊ का?"

"एवढी एक खा."

म्हैस चालत मध्यापर्यंत गेली. हैबती काठी उगारून ओरडत आला आणि थबकला. म्हशीचे नुसते गुडघे भिजले होते.

काठी टाकून तो गाळ काढायला माणसं आणायला पळाला. तळं गढूळ होऊन पडून राहिलं.

"वैशाखाआधी होईल ना गं?" त्यानं विचारलं.

"फाल्गुन लागलाय," म्हैस म्हणाली. "पण पळतोय तरी जोरात."