एकतिसावं पान

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा आपल्यापैकी कोणाचे खापरपणजोबासुद्धा जन्मले नव्हते. डोंगराआड तीस घरांचं एक गाव होतं. देवीच्या उत्सवाला तिथे पंगत बसायची. घरटी एक माणूस, आणि सगळ्या ओळी अगदी सारख्या. एखादी ओळ तोकडी राहिली तर देवी रुसते, असा त्यांचा ठाम समज. आता देवीला काय दुसरे उद्योग नाहीत? पण ऐकतंय कोण!

त्या वर्षी सुपं-टोपल्या विणणारी सगुणा गावात आली. पुरात तिचं गाव वाहून गेलं होतं. पंगतीत जेवेल तोच गावचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालू लागायचं, अशी तिथली रीत. सगुणाला तर जायला ठिकाणच नव्हतं.

पंगत मांडली. दोघादोघांच्या ओळी केल्या, एक माणूस उरलं. तिघातिघांच्या केल्या, पुन्हा एक. पाचापाचांच्या केल्या, तरी एक! दर वेळी शेवटी बसलेल्या सगुणालाच उठवलं. तिचे डोळे भरून आले.

"बघा," पाटील म्हणाले, "परकं माणूस मावतच नाही. बाई, उद्या वाट धरा."

पहिल्या पानावर भिवराआत्या बसली होती. पाटलांची सख्खी आत्या, शेजारच्या घरची. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सगुणा, बस गं माझ्या जागी."

सगुणा बिचकत बसली. पाचापाचांच्या सहा ओळी बरोब्बर भरल्या. उभी राहिली ती आत्या.

"आता सांग रे बापू, परकी कोण? मी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चाराचाराच्या करून बघू की."

"दोनाच्या जमेनात, त्या चाराच्या कुठून जमणार?" आत्या म्हणाली.

"मग सातासाताच्या?"

"सातासाताच्या केल्या, तर ओळी पाचाहून कमी होतील, आणि ओळी चार काय नि ओळीत माणसं चार काय, हिशेब एकच. दोन, तीन, चार, पाच, सगळं बघून झालंय. ओळीही पाचाहून जास्त नि ओळीत माणसंही पाचाहून जास्त म्हणाल, तर निदान सहा ओळी सहासहाच्या, त्याला छत्तीस माणसं लागतात. तेवढे आपण नाहीच! अरे, दोष हिचा नाही. आपण एकतीस झालो, आणि एकतीसचे सारखे भाग पडतच नाहीत. एकच अखंड ओळ मांडा."

"मग पहिल्या ओळीत बसायचा माझा मान?" पाटलांनी हळूच विचारलं.

"एकच ओळ म्हटल्यावर तीच पहिली, शहाण्या!"

सगळे हसले, पाटीलसुद्धा. देवळापासून नदीपर्यंत एकतीस पानं मांडली गेली आणि सगुणा पोटभर जेवली.

मुलांनो, एकाहून मोठ्या ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच पुरतं भागू शकत नाही, तिला शाळेत मूळ संख्या म्हणतात. गावाने तिला आत्याची संख्या म्हटलं.

पुढच्या वर्षी एक कुंभार राहायला आला. माणसं बत्तीस झाली. "आता आठाआठाच्या चार ओळी होतात!" कोणीतरी आनंदाने ओरडलं.

पाटलांनी आपलं पान उचललं आणि जरा बाजूला सरकवलं. "कशाला? सरका सगळे. याच ओळीत अजून एक पान मांडा."

म्हणून सांगतो, हिशेब जुळत नसेल तर माणूस उठवू नये, मांडणी बदलावी.